तीन कॉलेजांत एकच मोडीचा वर्ग: खोल्या, आवाज आणि वेळापत्रक कसं बसवायचं?

मोडी_फोंडा

नमस्कार. येत्या सत्रापासून मोडी लिपीचा चार क्रेडिटचा ऐच्छिक पेपर तीन ठिकाणी एकत्र चालवायचा आहे. शिकवणार गोव्यातल्या फोंड्यातून, जोडलेले वर्ग सांखळी आणि काणकोण. मुलं अनुक्रमे २४, १४ आणि ११. मोडी शिकवणारी माणसं मोजकीच, आणि दर आठवड्याला करमल घाट ओलांडून काणकोण गाठणं वेळापत्रकात बसत नाही, म्हणून ही वाट धरली आहे.

तिन्ही खोल्या साधारण सारख्या: ९ मीटर लांब, ६.५ मीटर रुंद, छत ३.६ मीटरवर. खाली फरशी, सहा पंखे, काचेच्या खिडक्या. फोंडा आणि सांखळीत १०० एमबीपीएस फायबर आहे. काणकोणात वेग कमी, अपलोड त्याहून कमी.

लॅपटॉप, वेबकॅम आणि प्रोजेक्टर लावून चाचणी घेतली तेव्हा तीन अडचणी दिसल्या. फोंड्यात बोललेलं परत फोंड्यातच ऐकू येतं. फळ्यावरचं अक्षर पलीकडे वाचता येत नाही, आणि मोडीत हात कुठून कुठे वळतो ते दिसलं नाही तर शिकवण्यात अर्थच नाही. तिसरं म्हणजे पलीकडची मुलं गप्प बसतात. तिन्ही खोल्या मिळून पाच लाखांच्या आत भागवायचं आहे. इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने लिहिता येणारा मोठा पडदा) घ्या असा आग्रह आहे. ज्यांना यातलं ठाऊक आहे त्यांनी सविस्तर सांगावं, ही विनंती.

ध्वनी_मडगाव

मॅडम, पैसे आधी आवाजावर घाला. चित्र दोन मिनिटं गोठलं तरी वर्ग चालतो. आवाज दहा सेकंद तुटला की मुलांचं लक्ष गेलंच म्हणून समजा.

फोंड्यात बोललेलं फोंड्यातच परत येतं म्हणजे बिघाड फोंड्यात नाही, समोरच्या कुठल्यातरी खोलीत आहे. तिकडच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज तिकडच्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. शोधायला सोपं आहे: सांखळी म्यूट करा. परतीचा आवाज थांबला तर दोष सांखळीत, नाही थांबला तर काणकोणात. आपल्या बाजूचा आवाज कमी-जास्त करून काहीच साधत नाही, आणि बहुतेक ठिकाणी वेळ त्यातच जातो.

एका खोलीत आवाजाची वाट एकच ठेवा. दुसरा लॅपटॉप नुसता स्लाइड दाखवायला मीटिंगमध्ये आला तरी त्याचा ऑडिओ जोडायचाच नाही. म्यूट पुरेसं नाही, कारण स्पीकर चालूच राहतो. प्रतिध्वनी काढणारं यंत्रही साखळीत एकच हवं. स्पीकरफोन किंवा ऑडिओ प्रोसेसर ते काम करत असेल तर मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधली तीच सोय बंद करा. दोन्ही चालू राहिली तर वाक्यांची टोकं खाल्ली जातात. मोडी वाचनात शेवटचं अक्षर गेलं तर विभक्ती गेली.

आता खोली. तुमचं घनफळ सुमारे २१० घनमीटर. फरशी, गिलावा आणि काचा असलेल्या रिकाम्या खोलीत आवाज दीड ते दोन सेकंद घुमतो. स्पष्ट बोलणं पोचायला तो काळ ०.७ सेकंदापर्यंत खाली यायला हवा. हिशेब असा: ०.१६१ गुणिले घनफळ भागिले घुमण्याचा काळ. म्हणजे ०.७ सेकंदासाठी ४८ चौरस मीटरइतकं शोषण लागतं. रिकाम्या खोलीचं स्वतःचं १८-२० असतं, पंधरा मुलं बसली की आणखी सहा-सात. बाकीचं आवाज शोषणाऱ्या पॅनेलमधून आणायचं. ०.८ शोषण-गुणांकाची पॅनेल धरली तर २८ चौरस मीटर, म्हणजे जवळपास अर्धं छत. पंख्यांच्या मधल्या पट्ट्यांत ती बसतात. जाड सुती पडदे लावू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना बुरशी धरते आणि खोलीभर वास सुटतो. पॉलिएस्टर फेल्टची पॅनेल घ्या, भिंतीत ओल असेल तर मागे दोन सेंटिमीटर फट ठेवा. एवढं जमत नसेल तर निदान स्पीकरच्या समोरची भिंत आणि तिला लागून असलेली एक भिंत झाका. समोरासमोरच्या दोन भिंती मोकळ्या राहिल्या की आवाज त्यांच्यामध्ये उसळत राहतो.

शिक्षकाचा माइक डोक्याला लावायचा घ्या, कॉलरचा नको. मोडी शिकवताना मान सतत कागदावर खाली असते. कॉलरच्या माइकवर हनुवटी येते आणि आवाज दबतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त वायरलेस माइक वर्गात चोवीस मोबाईल वायफायवर असले की अडखळतात.

मुलांसाठी टेबलावरचे माइक. प्रत्येक माइकपासून तोंड दीड मीटरच्या आत हवं. अकरा मुलांना दोन माइक पुरतील, चौदांना तीन, पण त्यासाठी बाकं जवळ ओढावी लागतील. नऊ मीटरच्या खोलीत चौदा मुलं पसरून बसवू नका, पुढच्या चार-साडेचार मीटरमध्ये घोड्याच्या नालेसारखी बसवा. पंख्याच्या थेट खाली माइक नको, पंखा मधल्या वेगावर ठेवा आणि प्रोसेसरमध्ये १२० हर्ट्झखालचा आवाज कापा. खोली पत्र्याखालची असेल तर पावसात तिथे काहीच ऐकू येणार नाही. स्लॅबखालची, शक्यतो तळमजल्याची खोली मागून घ्या.

कागद_कॅमेरा

बाकं पुढे ओढा हे वर सांगितलंय ते पडद्यासाठीही तितकंच खरं. वाचायचा मजकूर असेल तर शेवटचं बाक पडद्याच्या उंचीच्या सहापटीच्या आत हवं. ६५ इंची टीव्हीची उंची ८१ सेंटिमीटर, म्हणजे शेवटचा विद्यार्थी ४.९ मीटरवर. ७५ इंचीला ५.६ मीटर. बाकं साडेचार मीटरमध्ये बसली तर ६५ इंची पुरतो, महागड्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलची गरज उरत नाही. फोंड्यात चोवीस मुलं आहेत, तिथे ७५ घ्या.

इंटरॅक्टिव्ह पॅनेल या विषयाला नकोच. मोडी बोरूने किंवा टाकाने लिहिली जायची. जाड-बारीक रेघ हाताच्या कोनातून येते. काचेवर बोटाने ओढलेल्या रेघेत ते दिसत नाही. तुम्हाला हवा चांगला डॉक्युमेंट कॅमेरा (वरून कागदावर रोखलेला), १०८०पी आणि सेकंदाला ३० चित्रं.

त्याच्याखाली आडव्या ए४ कागदाची पूर्ण रुंदी दाखवली तर मिलिमीटरला साडेसहा पिक्सेल मिळतात. साध्या बॉलपेनची अर्ध्या मिलिमीटरची रेघ तीन पिक्सेलची होते आणि कॉम्प्रेशनमध्ये विरघळते. फ्रेममध्ये रुंदी फक्त २१० मिलिमीटर धरा, मिलिमीटरला नऊ पिक्सेल येतात. दीड मिलिमीटरचं कट निब वापरा, अक्षर पंधरा मिलिमीटर उंच काढा. एका फ्रेममध्ये तीन ओळी बसतील, तेवढ्याच दाखवा.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढली जाते आणि मग अक्षरं तिला लटकवत, शक्यतो हात न उचलता, पुढे जातात. ही हालचाल दिसायला हवी. इथे एक सेटिंग नेमकं आड येतं. स्क्रीन शेअर केली की सॉफ्टवेअर धारदारपणाला जपतं आणि चित्रांचा वेग खाली आणतं. हात उड्या मारताना दिसतो आणि वळण कुठून सुरू झालं ते कळत नाही. लिहून दाखवताना शेअरमधली व्हिडिओसाठीची सोय चालू करा, किंवा डॉक्युमेंट कॅमेरा दुसरा कॅमेरा म्हणून जोडा. जुन्या कागदाचा स्कॅन दाखवताना ती बंद करा, तिथे धार हवी.

कॅमेऱ्याचा फोकस आणि प्रकाशमापन कुलूपबंद करा. नाहीतर हात फ्रेममध्ये आला की फोकस हातावर जातो आणि कागद धूसर होतो. अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा. ६० वर राहिलं तर आपल्या दिव्यांखाली आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी दिवा डावीकडून, कॅमेऱ्याचा दांडाही डावीकडे. वरची ट्यूबलाइट कागदावर चमकत असेल तर तेवढी एक बंद करा.

शिक्षकाचा कॅमेरा फळ्याकडून नको. फोंड्याच्या मागच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला दुसरा टीव्ही लावा. त्यावर सांखळी आणि काणकोणची मुलं दिसू द्या, आणि कॅमेरा त्या टीव्हीच्या अगदी वर. तुम्ही मुलांकडे पाहता तेव्हाच कॅमेऱ्यात पाहता. दूरच्या दोन खोल्यांत कॅमेरा पुढच्या टीव्हीवर. त्यात तीन प्रिसेट साठवा, पूर्ण वर्ग, डावा अर्धा, उजवा अर्धा.

केबलकडे दुर्लक्ष नको. यूएसबी २ साध्या तारेवर पाच मीटरच जाते, पुढे अ‍ॅक्टिव्ह केबल लागते. मागच्या टीव्हीला जाणारी लांब एचडीएमआय तार दहा मीटरच्या पुढे बेभरवशाची. तो सिग्नल कॅट ६ या नेटवर्कच्या तारेवरून नेणारी यंत्रांची जोडी घ्या.

आणखी एक. मोडी युनिकोडमध्ये २०१४ पासून आहे आणि नोटो या फॉन्टसंचातला मोडी फॉन्ट फुकट मिळतो. अक्षरमाळेच्या तक्त्यापुरता तो वापरा, कारण छापील फॉन्टात सुटी अक्षरं शिकलेलं मूल धावती मोडी समोर आली की अडतं. स्लाइड पीडीएफ करूनच पाठवा. पलीकडच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर नुसते चौकोन दिसतात.

नेट_म्हापसा

जाळ्याबद्दल थोडक्यात. या कामाला प्रचंड वेग लागत नाही, स्थिरता लागते. एका खोलीला ७२०पी साठी दोन्ही दिशांनी ३ एमबीपीएस, १०८०पी साठी ४ धरा. काणकोणहून जाणारं चित्र ७२०पी वर बांधून ठेवा, मुलांचे चेहरे दिसायला तेवढं पुरतं. येणारा कागद मात्र १०८०पी.

तिन्ही ठिकाणी वायफाय नको, केबल. वर्गाच्याच वेळेला सलग दहा मिनिटं पिंग (जोडणी तपासणारी आज्ञा) लावून पाहा: हरवलेली डेटाची पाकिटं एक टक्क्याच्या खाली आणि वेळेतला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या खाली हवा. रात्री केलेल्या वेगचाचणीवर विसंबू नका.

वेग भरपूर असूनही चित्र अडखळत असेल तर कॉलेजची फायरवॉल तपासा. यूडीपी (थेट आवाज-चित्र नेणारी डेटाची वाट) बंद असलं की मीटिंग मुकाट्याने टीसीपी ४४३ वर, म्हणजे पाकिटं क्रमानेच देणाऱ्या वाटेवर, उतरते. एक पाकीट हरवलं की मागची सगळी थांबतात, आणि मग आवाज गठ्ठ्याने येतो. झूमला यूडीपी ८८०१ ते ८८१०, टीम्सला ३४७८ ते ३४८१ उघडून मागा. मागणी लेखी द्या, पोर्टचे आकडे घालून. नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की कोणी हलत नाही.

वीज. टीव्ही, छोटा संगणक, कॅमेरे, ऑडिओ आणि नेटवर्क स्विच मिळून ३०० ते ३५० वॉट होतात. एक केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आतल्या बॅटऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटं ओढतो. बाहेर १२ व्होल्ट २६ एएचच्या तीन बॅटऱ्या लावल्या तर तासाचा वर्ग पुरा होतो. आणि फायबरचा मोडेम जिथे बसवलाय, बहुधा ऑफिसात किंवा जिन्याखाली, त्यालाही यूपीएस द्या. वर्गातलं सगळं चालू आणि मोडेम बंद, हे आपल्याकडे नेहमीचं दृश्य आहे. इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर जो खंड पाडतो तेवढ्यात मोडेम रीस्टार्ट होतो आणि तीन मिनिटं जातात.

पावसाळ्यात झाड पडून तार तुटली तर दोन फायबर एकाच खांबावरून आलेल्या असल्याने दोन्ही जातात. दुसरी जोडणी वेगळ्या माध्यमाची, म्हणजे ४जी किंवा ५जी राउटर. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. मे आणि ऑक्टोबरच्या विजांमध्ये स्विचचे पोर्ट जळतात. तिथे फायबरच.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत यंत्रं आठवडाभर बंद राहतात, दमट हवेत लेन्सला बुरशी येते. कॅमेरे काढता येत असतील तर सिलिका जेलच्या डब्यात, नसतील तर कोणाला तरी सांगून एक दिवसाआड अर्धा तास सगळं चालू करायला लावा.

अभ्यासक्रम_केपे

आवाज आणि चित्र बसलं तरी तिसरी अडचण उरतेच, आणि तीच सर्वांत मोठी. ज्या खोलीत शिक्षक नाही ती खोली आपोआप प्रेक्षक बनते. त्यावर यंत्र नाही, रीत लागते.

सगळ्यात आधी घंटा जुळवा. एका कॉलेजचा तास ५० मिनिटांचा, दुसऱ्याचा ६० चा, तिसऱ्याची मधली सुट्टी मध्येच, असं असेल तर पहिली दहा मिनिटं रोज वाया जातात. तिन्ही प्राचार्यांकडून सत्राआधी एक समान तास लिहून घ्या, शक्यतो दिवसाचा पहिला. स्थानिक जत्रेच्या सुट्ट्या तिन्ही ठिकाणी वेगळ्या असतात, त्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका.

क्रेडिटची मांडणी तीन अधिक एक अशी करा: तीन सैद्धांतिक म्हणजे ४५ तास, एक प्रात्यक्षिक म्हणजे ३० तास. व्हिडिओवर फक्त ४५ चालवा. प्रात्यक्षिक ज्या-त्या खोलीत, तिथल्या सहायकासोबत. हा सहायक शिपाई किंवा लॅब मदतनीस नको. मराठी किंवा इतिहास शिकवणारा, निदान मोडीची अक्षरओळख असलेला हवा. त्याच्या तासांचा भार तिथल्या कॉलेजने अधिकृतपणे मोजला पाहिजे. तो मोजला नाही की तिसऱ्या आठवड्यापासून तो माणूस येईनासा होतो.

वर्गात वाचन फिरतं ठेवा. एक ओळ सांखळी, पुढची काणकोण, मग फोंडा, आणि प्रश्न विचारताना आधी दूरच्या खोलीचं नाव, मग मुलाचं, मग प्रश्न. ‘कोणी सांगेल का?’ असं मोकळं विचारलं की उत्तर नेहमी समोर बसलेल्यांकडून येतं. विचारल्यावर निदान सात सेकंद थांबा. आवाज जाऊन यायला लागणारा वेळ, माइककडे वळणं आणि धीर गोळा करणं, सगळं त्यात येतं. फोंड्यातल्या मुलांनाही माइकवरच बोलायला लावा. त्यांनी जागेवरून दिलेलं उत्तर तुम्हाला ऐकू येतं, पलीकडे नाही, आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हणून पुढे गेलात की दोन खोल्या तिथेच सुटल्या.

मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे अडलेलं मूल नेमकं कुठे अडलंय हे सांगू शकत नाही. म्हणून वाचायला दिलेल्या प्रत्येक कागदाच्या समासात ओळींना आकडे घाला आणि प्रती आदल्या दिवशी छापून तिन्हीकडे पोचू द्या. ‘पान चार, ओळ सात, शिरोरेषेच्या मध्यावर’ असं म्हणता आलं पाहिजे. याचा दुसरा फायदा मोठा: नेट पूर्ण गेलं तरी सहायकाचा फोन ऑडिओ मिक्सरला जोडून नुसत्या आवाजावर उरलेला तास वाचन चालू ठेवता येतं.

वह्या दर आठवड्याला मोबाईलने स्कॅन करून याव्यात, पण वळणाची दुरुस्ती पीडीएफवर लाल रेघ मारून होत नाही. पहिला वर्ग काणकोणातून घ्या, दुसरा सांखळीतून, फोंड्याची मुलं तेव्हा दूरची खोली होतील. त्यांना पलीकडे बसणं म्हणजे काय ते कळतं आणि दोन्ही ठिकाणच्या मुलांच्या हाताला हात धरून बोरू फिरवता येतो. सत्राच्या मध्यावर पुन्हा एकेकदा जा.

आयएसए (सत्रातली अंतर्गत परीक्षा) तिन्ही ठिकाणी एकाच मिनिटाला, छापील कागदावर. स्क्रीनवर मोडी उतारा दाखवून परीक्षा नको, मागच्या बाकाचं नुकसान होतं. एसईएत (सत्राअखेरच्या परीक्षेत) वाचनाचा तोंडी भाग ठेवलात तर तो समोरासमोर घ्या.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर फक्त शिक्षकाचा आवाज आणि डॉक्युमेंट कॅमेरा साठवा. मुलांचे चेहरे गाळा आणि सत्राच्या सुरुवातीला लेखी संमती घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून हे गृहीत धरून चालणं बरं नाही.

मोडी_फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. सांखळी म्यूट करून पाहिलं, परतीचा आवाज काणकोणचा निघाला. दोन प्रश्न उरले. पाच लाखांत छताची पॅनेल, माइक, टीव्ही सगळं बसणार नाही, तर क्रम काय ठेवावा? आणि पुराभिलेखातले जुने कागद दाखवायचे आहेत. फिकट तपकिरी शाई पडद्यावर पुसट होते, तिचं काय करू?

ध्वनी_मडगाव

क्रम असा: तिन्हीकडे माइक-स्पीकरची नीट जोडी, फोंड्यात डोक्याचा माइक, मग डॉक्युमेंट कॅमेरा, मग मोडेमचा यूपीएस. यात तडजोड नाही. त्यानंतर काणकोणात दोन भिंतींची पॅनेल, कारण आवाज तिथूनच परत येतोय. सध्याचे प्रोजेक्टर एक सत्र चालवा, खिडक्यांवर काळी फिल्म लावली तर दिवसाही निभतं. मागच्या भिंतीवरचा टीव्ही कॉलेजात कुठेतरी पडून असलेला ४३ इंचीही चालतो. त्यावर वाचायचं काही नाही, चेहरे दिसले की झालं.

कागद_कॅमेरा

फिकट शाईचे कागद कॅमेऱ्याखाली धरू नका. ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन मागून घ्या आणि त्याची दुसरी प्रत करा: निळा चॅनल (चित्रातल्या निळ्या रंगाचा थर) तेवढा ठेवून करडी, कॉन्ट्रास्ट वाढवलेली. तपकिरी शाई निळ्या चॅनलमध्ये सर्वांत गडद उतरते. पण कागद पिवळा पडलेला असेल तर तोही काळवंडतो, मग हिरवा चॅनल घेऊन पाहा. वर्गात काळी-करडी प्रत दाखवा, मूळ रंगीत प्रत मुलांना पीडीएफमध्ये द्या. डाग आणि अक्षर यांतला फरक रंगातच कळतो, आणि टिंब समजून डाग वाचला की हिशेबाचा आकडा बदलतो. दाखवताना पान सरकवू नका; तीन-तीन ओळींचे तुकडे आधीच कापून स्लाइडवर ठेवा, प्रत्येकावर ओळीचा आकडा असू द्या.